नवतप्यातला यूपीएस

आज दुपारी लाईट गेली. यात सांगण्यासारखं काही नाही, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला की सक्करदऱ्यात लाईट जायचीच. पण ती जाते कशी, हे मात्र ऐकण्यासारखं असतं. गल्लीतले सगळे कूलर एकदम बंद पडतात, तरी प्रत्येकाचं पातं आपापल्या वजनानं थांबतं. समोरच्यांचा छोटा कूलर लगेच गप्प होतो. आमचं जुनं लोखंडी धूड कितीतरी वेळ घरघरत राहतं, जणू त्याला कोणी काही कळवलंच नाही. ते थांबलं की जी शांतता पसरते ती नागपूरच्या उन्हाळ्यात एरवी कुठे मिळत नाही. तीन घरं पलीकडची कुकरची शिट्टी ऐकू येते, गच्चीवर वाळत टाकलेल्या कुरडयांवर बसलेल्या चिमण्या ऐकू येतात, आणि कोणाच्या घरात कशावरून वाजलं आहे तेही कळतं.

त्या शांततेत टेबलाखालचा यूपीएस बोलायला लागला. टुं, टुं, टुं. आणि स्वयंपाकघरात पन्हं ढवळत असलेले बाबा तिथूनच ओरडले, "सेव्ह कर वं!"

कॉम्प्युटरसमोर कोणी नव्हतं. कॉम्प्युटर सुरूसुद्धा नव्हता. शाळेला सुट्टी, म्हणून मी दिवाणावर पेपर तोंडावर घेऊन आडवी होते.

"बाबा, कोणाले सांगून राहिले?"

बाबा दारात आले. हातात पळी, तिच्यावरून पन्ह्याचे थेंब फरशीवर. टेबलाकडे बघून ते म्हणाले, "निघून गेलं वं तोंडातून."

मग मी यूपीएसचं बटण दाबून त्याला गप्प केलं, पण मला काही गप्प बसता येईना. वाळ्याच्या ओल्या ताटीचा वास अजून खोलीत होता. त्या वासाबरोबर तो उन्हाळा परत आला, ज्या उन्हाळ्यात आमचं सगळं घर या टेबलाखालच्या डबड्यावर श्वास रोखून बसलं होतं.

त्या वर्षी चैत्रात माझी धाकटी बहीण वैशू सासरहून कायमची परत आली. 'कायमची' हा शब्द तेव्हा फक्त तीच वापरत होती. येताना तिनं दोन गोष्टी आणल्या, कपड्यांची बॅग आणि कॉम्प्युटर. ती ड्राफ्ट्समनचं शिकलेली, इमारतींचे नकाशे काढायचं तिचं काम. डिप्लोमाच्या वेळी बाबांनी तिला हा कॉम्प्युटर घेऊन दिला होता. लग्नात तो तिच्याबरोबर गेला, आणि पुढे तिकडे त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला लागले. परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर इस्त्रीचा एक डाग होता. आईनं तो पुसून पाहिला, निघाला नाही.

वैशूला तिकडे कोणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. हीच तर पंचाईत होती. उमरेडहून आमचे मामा फोन करायचे आणि आईला विचारायचे, "मारलं का? नाई ना? मंग काहून आली?"  मी मास्तरीण, प्रश्न विचारणं हा माझा धंदा, म्हणून एकदा मीही विचारलं. वैशू टेबल पुसत होती. म्हणाली, "ताई, तिथं मले कोणी कधी काही विचारलंच नाही. आज भाजी कोणती करू, एवढंसुद्धा नाही. ते सांगायचे, मी करायची." आणि पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत राहिली. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे अशा बाबतीत माझं मत कोणी धरत नाही. पण मला ते उत्तर पुरलं.

मामांना पुरणार नव्हतं. मृगाच्या आत ते सासरच्यांना घेऊन येणार आणि बैठक बसवणार, असं ठरलं होतं. आई कधी मामांकडे झुकायची, कधी वैशूकडे. बाबा काहीच बोलायचे नाहीत. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. धरणातलं पाणी किती आहे ते सांगायचे, मनातलं कधी नाही.

अशात वैशूनं शहरातल्या एका आर्किटेक्ट मॅडमकडून काम आणलं. शहराबाहेर बेस्याला तेव्हा जिकडेतिकडे इमारती उठत होत्या, आजही उठताहेत. त्यातल्या एका इमारतीच्या नकाशांचा पूर्ण संच करून द्यायचा, मॅडमना पटला तर घरून करायचं काम कायमचं मिळणार. वैशूनं रात्रीच्या जेवणावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "हे काम भेटलं तर मी इथंच राहीन. नाही भेटलं तर मामा म्हणतात तसं करीन." कोणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आईनं तिच्या ताटात आणखी एक चमचा रस वाढला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सीताबर्डीवर जाऊन यूपीएस घेऊन आलो. इन्व्हर्टर आमच्याकडे नव्हता. सक्करदऱ्यात लाईट जातच नाही, असा बाबांचा कितीतरी जुना समज होता आणि तो ते सोडायला तयार नव्हते. दुकानदाराला मी विचारलं, याच्यावर कॉम्प्युटर किती वेळ चालेल? तो हसला. "मॅडम, याच्यावर काम करत नाही बसायचं. लाईट गेली की सेव्ह करायचं आणि शांतीनं बंद करायचं. याचं काम तेवढंच."

मला ते यंत्र आधी हास्यास्पदच वाटलं होतं. वजनाला विटेएवढं, रंगानं काळं, आणि सगळा रुबाब कशाचा, तर पाच-दहा मिनिटांचा. पण घरी येताना ऑटोत वैशूच्या मांडीवर तो खोका होता आणि ती त्याच्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती, तेव्हा मला दुकानदाराचं बोलणं पुन्हा आठवलं. उजेड देत नाही, वारा देत नाही, नुसतं आवरायला सवड देतं. वैशूच्या संसारात एवढी सवड कोणी तिला दिली नव्हती. एका सकाळी काहीतरी तुटलं आणि ती बॅग घेऊन निघाली, आत काय काय राहून गेलं ते तिलाही सांगता आलं नसतं. मला तेव्हा तिच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की मी ऑटोवाल्याशी उगाच भांडले.

यूपीएस आला आणि आमच्या घरात एक नवी रीत सुरू झाली. लाईट गेली की ज्याला आधी कळेल त्यानं ओरडायचं, "सेव्ह कर वं!" वैशू कानात इअरफोन घालून काम करायची, तिला टुंटुं ऐकू येईल न येईल, म्हणून बाबांनीच हे काढलं. मग आई गच्चीवरून ओरडायची, मी न्हाणीघरातून ओरडायची. एकदा समोरच्या काकू त्यांच्या ओट्यावरून ओरडल्या. वैशू आतून "केलं!" म्हणायची, आणि मग सगळे आपापल्या कामाला लागायचे. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत लाईट गेल्यावर शिव्या ऐकू येण्याआधी हे ऐकू यायचं. मला त्याची मोठी गंमत वाटायची. शाळेत मी असा एक वर्ग घडवू शकले नाही, जो एका हाकेला असा उठेल.

पण या रीतीनं वैशूची सवय बिघडली, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. कॉम्प्युटर जुना, आपोआप सेव्ह व्हायला लागला की अडखळायचा, म्हणून तिनं ते बंद करून ठेवलं होतं. आणि हातानं सेव्ह करणं तिनं आमच्यावर सोपवलं होतं. लाईट दिवसातून चार वेळा जायचीच, चार वेळा हाक व्हायची, चार वेळा काम जपलं जायचं. लाईट गेली नाही तर मात्र कोणी ओरडत नसे.

शेवटच्या दिवशी सकाळभर लाईट गेली नाही. संध्याकाळपर्यंत मॅडमना संच पाठवायचा होता. बाकी सगळं झालं होतं, फक्त विजेचा नकाशा राहिला होता. कुठे दिवा, कुठे पंखा, कुठे बटणांची पाटी, हे सगळं प्रत्येक खोलीत दाखवायचं. वैशू उजाडताच बसली. आमची पुढची खोली पश्चिमेची, दुपार लागताच भिंत हाताला चटका देते. बाहेर लू सुटली होती. सक्करदऱ्याच्या तलावाकडून जो वारा यायचा तोही भट्टीतून आल्यासारखा. वैशूचा कुडता पाठीला चिकटलेला होता आणि बाबा दर थोड्या वेळानं दारात येऊन तिच्या पाठीकडे बघून जात होते. मी तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नाही.

दुपारी लाईट गेली. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर टेबलाखालून टुंटुं नाही, एकच लांब किंकाळी आली आणि यूपीएस बंद पडला. कॉम्प्युटरचा पडदा काळा. वैशूचे हात कीबोर्डवर तसेच होते.

"सेव्ह कर वं!" आई गच्चीवरून ओरडली.

 वैशू टेबलाखाली वाकली. यूपीएसच्या मागे दोन सॉकेट असतात, एकात कॉम्प्युटरचा प्लग आणि दुसरं रिकामं. ते दुसरं रिकामं नव्हतं. त्यात एक जाड काळी वायर होती. तिच्या मागोमाग वैशूची नजर गेली, खिडकीच्या पडद्यामागून, गजांतून, बाहेर गॅलरीत, थेट कूलरपर्यंत. कॉम्प्युटरला आवरायला पाच मिनिटं देणाऱ्या त्या विटेएवढ्या डब्यावर बाबांनी आमचं लोखंडी धूड जोडलं होतं. लाईट होती तोवर सगळं सुरळीत चाललं. ती गेली, आणि डब्याला ते ओझं क्षणभरही पेललं नाही.

वैशू उठून उभी राहिली. बाबा दारातच होते.

"बाबा, हे काहून लावलं?"

बाबांनी चष्मा काढला. "तू नाश्ता करून राहिली होती तेव्हा लावलं."

"कधी लावलं नाही विचारलं. काहून लावलं?"

"लाईट गेली की कूलर थांबते. कूलर थांबला की तू उठन. तू उठली की काम थांबन." त्यांनी चष्म्याची काच धोतराला पुसली, परत डोळ्यांवर चढवली नाही. "काम थांबलं तर तुले जा लागन ना वं. मले तुले जाऊ द्यायचं नाही."

एवढ्या दिवसांत बाबांनी पहिल्यांदा काही सांगितलं होतं, आणि ते सांगायला त्यांना हे करून बसावं लागलं. मला रडू आलं. वैशूला आलं नाही. ती बाबांकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू सैल झाला, जसा गाठ सुटताना दोरा सैल होतो. मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, तुह्या शाळेचे मोठे कागद आहेत का?"

भूगोलाच्या तक्त्यांचे कोरे कागद माझ्याजवळ नेहमी असतात. ती खिडकीखाली फरशीवर बसली, कारण तिथे उजेड होता आणि फरशी जरा गार होती. पेन्सिल, माझी पट्टी, आणि सकाळचं जेवढं मनात होतं तेवढं सगळं. गल्लीच्या टोकाच्या डीपीतून धूर निघाल्याची बातमी समोरच्या काकूंनी दिली, म्हणजे लाईट लवकर येणार नव्हती. बाबांनी कपाटावरून वाळ्याचा हातपंखा काढला, पाण्यात बुडवला, झटकला, आणि वैशूच्या बाजूला खुर्ची घेऊन बसले. मग ते वारा घालत राहिले. हात दुखला की हात बदलायचा, पंखा सुकला की पुन्हा बुडवायचा. मी म्हटलं, बाबा, द्या मले. ते म्हणाले, "राहू दे."

दुपार अशी गेली. पेन्सिलची खरखर, पंख्याची फडफड, ओल्या वाळ्याचा वास आणि कागदावर मधूनच पडणारा पाण्याचा थेंब. वैशू तो बोटानं टिपून घ्यायची, रागवायची नाही. आई कैरीचं पन्हं ठेवून गेली. मामांचा फोन आला तो आईनं घेतला. मी कान टवकारून ऐकलं.

"वैशू काम करून राहिली दादा," आई म्हणाली. पलीकडून मामा काहीतरी बोलले. "हाव, लाईट नाही इथं. तरी करून राहिली. मंग करा फोन." आणि तिनं ठेवून दिला. आईनं मामांचा फोन आपण होऊन ठेवलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

कागदावर खोल्या भरत होत्या. बाबा वारा घालता घालता वाकून बघत होते. प्रत्येक खिडकीच्या बाहेर वैशू एक छोटं चिन्ह काढत होती, गोल आणि त्यात एक रेघ.

"हे बाहेर काय काढून राहिली? बाहेर कोण बसते?"

"कूलर बसते बाबा. हा कूलरचा पॉइंट, इन्व्हर्टरवर चालणारा. प्रत्येक खिडकीले वेगळा. मंग कोणाच्या बापाले गजातून वायर ओढा लागणार नाही."

पंखा थांबला. बाबा हसले की काय केलं मला नीट दिसलं नाही, ते उन्हाच्या बाजूला होते. मग पंखा पुन्हा सुरू झाला.

उन्हं कलल्यावर लाईट आली. गल्लीतली पोरं "आऽऽली!" म्हणून ओरडली. वैशूनं कागद कॉम्प्युटरशेजारी भिंतीला चिकटवला आणि बाबांना म्हणाली, "कूलर लावा. भिंतीतल्या त्याच्या जुन्या सॉकेटले." आणि कामाला बसली. त्या संध्याकाळी मी तिच्यामागे उभी राहून दर थोड्या वेळानं "सेव्ह कर" म्हणत राहिले, लाईट असतानाही, आणि ती दर वेळी "केलं" म्हणत राहिली. दिवेलागणीला संच गेला.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. वैशूनं स्पीकर लावला, कारण आम्ही सगळे तिच्याभोवती उभे होतो.

"हे प्रत्येक खिडकीबाहेर काय दाखवलंय? सांगितलं नव्हतं मी."

"कूलरचा पॉइंट, मॅडम, इन्व्हर्टरवरचा. आमच्या घरी एका खिडकीला नव्हता, तर पूर्ण सकाळचं काम गेलं."

  "राहू द्या," त्या म्हणाल्या. "चांगलं आहे. पुढच्या इमारतीचे कागद सोमवारी येऊन घेऊन जा."

मृग आला. मामा एकटेच आले, रस जेवले आणि उमरेडची शेवटची बस पकडून गेले.

हे सगळं आठवण्याजोगं का वाटतं, याचा मी पुष्कळ विचार करते. उन्हाळे आम्ही एवढे काढले, पण बाकीचे सगळे मिसळून एकच उन्हाळा झाले आहेत, रसाचा, कुरडयांचा, डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्यांचा. हा तेवढा वेगळा उरला. मला वाटतं, माणसं एकमेकांना जपायला जातात तेव्हा बहुतेक वेळा चुकीच्याच सॉकेटमध्ये प्लग घालतात. मी स्वतः शाळेत हेच करत आले आहे. बाबांची चूक घडली नसती तर ती दुपार घडली नसती, असं मात्र मी म्हणणार नाही. सकाळचं काम वाचलं असतं तर बरंच झालं असतं. पण बाबा काही बोलले नसते, आणि वैशू कदाचित आयुष्यभर समजत राहिली असती की या घरातही तिला कोणी राहा म्हटलं नाही.

वैशू आता बेस्याला राहते, स्वतःच्या घरी, एकटी. तिचं टेबल आमच्या जेवणाच्या टेबलाहून मोठं आहे आणि त्याखालचा यूपीएसही तसाच दणकट. जुना आमच्याकडेच राहिला. बाबांनी त्याची बॅटरी बदलून घेतली आणि मागच्या दुसऱ्या सॉकेटवर चिकटपट्टी लावून ठेवली.

गेल्या आठवड्यात मी आणि बाबा तिच्याकडे निघालो होतो. वाटेत ती पहिली इमारत लागते. बाबांनी ऑटो थांबवायला लावला. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि बाबा दुपट्टा सारून खाली उतरले आणि मान वर करून उभे राहिले. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक खिडकीबाहेर स्टँडवर कूलर होता, आणि प्रत्येकाच्या शेजारी भिंतीत त्याची बटणांची पाटी. एकही वायर कुठून ओढलेली नव्हती.

"पाह्यलं का," बाबा म्हणाले. "माह्यी चूक पोरीनं साऱ्यायच्या खिडकीले लावून ठेवली."

आज लाईट यायला बराच उशीर झाला. मी बाबांना वारा घालू लागले तर त्यांनी पंखा माझ्या हातून काढून घेतला. तेवढ्यात फोन वाजला. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवरच असतो.

"बाबा, इथं लाईट गेली," वैशू म्हणाली. "तिकडे?"

"इथंबी गेली."

"मी सेव्ह केलं."

तिला बाबांची हाक ऐकू जाणं शक्यच नव्हतं. बेसा काही इतकं जवळ नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, पंखा मांडीवर ठेवला आणि खुर्चीत सरसावून बसले.

"बरं केलं," ते म्हणाले. "आज भाजी कोणती केली वं?"